गावकीची खोली आता गावात हवी

गेल्या वर्षीच्या जुलैची 20 तारीख. मुंबई-ठाण्यातल्या बावीस दुकानदारांची जीएसटीची कामं मी देवगड तालुक्यातल्या आमच्या घरातून करते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना 20 तारीख चुकवून चालत नाही. उशीर झाला की दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क आणि राहिलेल्या करावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास वीज गेली, तेव्हा माझी चार विवरणपत्रं व्हायची होती. साडेचारला इन्व्हर्टरने मान टाकली, त्यामागोमाग राउटर गेला. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही, कारण घर उताराला आहे. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, वरून खताची धुतलेली पिशवी चढवली आणि छत्री घेऊन पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर गेले. तिथल्या देवळाच्या मंडपात रेंजच्या दोन कांड्या मिळतात. विवरणपत्र दाखल करायचं तर ओटीपी दुकानदाराच्या मोबाईलवर जातो, आणि त्याने तो मला फोनवर वाचून दाखवावा लागतो. आकडे सांगता सांगता फोन कटायचा, ओटीपी जुना व्हायचा, परत मागवायचा. रात्री नऊला शेवटचं विवरणपत्र गेलं. खाली आले ती बॅटरीच्या उजेडात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

दुसऱ्या दिवशी त्या चारांपैकीच एका दुकानदाराने मला आपुलकीने एक व्हिडिओ पाठवला. घरून काम करताना उरक कसा वाढवावा, असा विषय. पहाटे उठा, आंघोळ करून ऑफिसला निघाल्यासारखे कपडे घाला, कामाच्या खोलीचं दार लावून घ्या, मोबाईल लांब ठेवा. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. मी पहाटे पाचलाच बसते, कारण त्या वेळी व्होल्टेज चांगलं असतं आणि नेट मोकळं असतं. आकडेमोडीचं जड काम सकाळी नऊच्या आत संपवते, फोन दुपारनंतर करते. आठवड्याचं काम रविवारी रात्री वहीत लिहून काढते. या सवयींनी माझा फायदा झालेला आहे आणि त्या कोणीही लावून घ्याव्यात. पण 20 जुलैला त्यातली एकही सवय माझ्या उपयोगी पडली नाही. म्हणून घरून काम करणाऱ्याचा उरक ही केवळ त्याच्या स्वभावाची, त्याच्या शिस्तीची गोष्ट आहे असं कोणी म्हटलं, की मला ते पटत नाही.

‘उरक’ हा शब्द आमच्याकडे बायकांच्या संदर्भात फार ऐकू येतो. तिला कामाचा भारी उरक आहे, हे सुनेचं सगळ्यात मोठं कौतुक. पण ज्या बाईला उरक असतो तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बघा. विळी, तांब्या, खोबऱ्याची करवंटी, सगळं हाताशी असतं. पाणी भरलेलं असतं. पोर जावेच्या काखेला असतं. उरकाला भोवतालची साथ लागते. ती काढून घ्या आणि मग त्याच बाईचा उरक मोजा.

घरून काम केल्याने कामगिरी वाढते, याला पुरावा म्हणून ज्या प्रयोगाचं नाव नेहमी घेतलं जातं, तो चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत 2010-11 साली झाला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉल सेंटरमधल्या स्वतःहून तयार झालेल्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना नऊ महिने घरून काम दिलं. त्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली. हा आकडा सगळे सांगतात. त्या प्रयोगात भाग घ्यायची अट मात्र फारसं कोणी सांगत नाही. घरात कामासाठी स्वतंत्र खोली हवी आणि ब्रॉडबँड हवं, ही अट होती. म्हणजे ज्यांच्याकडे लावायला दार होतं, त्यांचाच उरक मोजला गेला. आणि पुढे हवं ते निवडायची मुभा मिळाली, तेव्हा घरून काम केलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक ऑफिसात परत गेले. एकटेपणा हे त्याचं मोठं कारण होतं.

आता आमच्याकडचं घर बघू. पुढे खळं म्हणजे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, देवाची खोली, स्वयंपाकघर, मागची पडवी. घर ऐसपैस आहे, जागेला तोटा नाही. पण या घरात लावून घेता येईल असं दार कुठलं? माजघर हा सगळ्यांचा जायचा-यायचा रस्ता. ओटीवर आला-गेला बसतो. पुढच्या पडवीला पत्रा आहे, आणि आषाढात त्या पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही, तिथे मुंबईच्या माणसाला मी काय ऐकवणार? कोकणातलं घर शेतकऱ्याच्या कामासाठी बांधलं गेलं. भात आणून ओतायला, नारळ सोलायला, एप्रिलात आंब्याच्या पेट्या भरायला त्याच्यासारखी सोय नाही. चार तास एकटं बसून हिशेब जुळवायची जागा त्यात कोणी कल्पिलेली नव्हती. कल्पायचं कारणही नव्हतं.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे काम दिसण्याची. आमच्याकडे काम म्हणजे अंग हलणं. कुणी लावणीला गेलं तर ते कामाला गेलं, कुणी लॅपटॉपपुढे असलं तर ते ‘बसलंय’. शेजारच्या काकी माझ्याविषयी ‘दिवसभर बसलेली आसता’ असं म्हणतात, त्यात कुचकेपणा अजिबात नाही, त्यांना जे दिसतं ते त्या सांगतात. सासूबाई देवाला फुलं काढायला जाताना म्हणणार, “घराकच आसस मां, वायच डाळीकडे बघ गे.” डाळीकडे बघायला दोन मिनिटं लागतात. पण दीडशे बिलांच्या जुळणीत जिथे लक्ष होतं तिथे परत पोचायला पंधरा मिनिटं जातात. हे त्यांना समजावून सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, कारण त्यांच्या आयुष्यात असं काम कधी आलंच नाही. आणि आंब्याचा हंगाम तर हिशेबाचं वर्ष संपल्या संपल्या येतो. ओटीवर सगळं घर पेंढ्यात बसून आंबा निवडतंय, पेट्या भरतंय, रात्री ट्रकात माल चढवायचाय, आणि अशा वेळी एकटी सून आत दिव्याखाली बसलेली. अपराधी वाटतं. त्या वाटण्याचाही कामावर परिणाम होतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर सर्वेक्षणात 2019 साली घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं आणि पुरुषांची 97 मिनिटं जात होती. 2024 च्या सर्वेक्षणात हेच आकडे 289 आणि 88 झाले. मधल्या पाच वर्षांत कोरोना येऊन गेला, लाखो पुरुष महिनोन् महिने घरात बसून काम करत होते. तरीही बाई आणि पुरुष यांच्यातलं अंतर 202 मिनिटांवरून 201 वर आलं. एका मिनिटाचा फरक. घरून काम करण्याची चर्चा जेव्हा ‘घरी राहिलं की घराकडेही लक्ष देता येतं’ या कौतुकाने सुरू होते, तेव्हा ते लक्ष कोण देतं, हे या आकड्यांपुढे ठेवून बघावं.

विजेचं आणि नेटचं जास्त लांबवत नाही, इथल्या प्रत्येकाला ते पाठ आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, आणि टाळेबंदीत गावी येऊन काम करणाऱ्या रायगड, दापोली, मंडणगडच्या कितीतरी लोकांचा त्याच दिवशी जगाशी संबंध तुटला. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याने वर गेलं. जुलैत चिपळूण बुडालं. वादळ नसलं तरी एक फांदी तारेवर पडली की वाडी अंधारात, आणि हायवेच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली की तालुका शांत. मला यातला एकच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. यावर प्रत्येकाने आपापल्या घरी इन्व्हर्टर, दोन कंपन्यांची सिम, छतावर अँटेना असा बंदोबस्त करायचा म्हटलं, तर घरून काम हे फक्त ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचं काम राहील. एकेका घराने तीस-चाळीस हजार घालून जे अर्धवट होतं, ते वीस घरांनी एका जागी केलं तर पुरं होईल.

हा विचार माझ्या डोक्यातला नाही. तो आमच्या सासऱ्यांच्या पिढीने करून दाखवलेला आहे, फक्त दुसऱ्या टोकाला.

सासरे लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. गिरणगावात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावागावांनी अशा खोल्या घेतलेल्या होत्या. एकेका खोलीत तीस-तीस, चाळीस-चाळीस माणसं. भिंतीला ट्रंका, त्यावर वळकट्या. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. दर महिन्याला ठरलेली वर्गणी, तिचा हिशेब लिहायला एक माणूस नेमलेला, आणि भांडण झालं तर महिन्याच्या बैठकीत निवाडा. गावातून नवा पोरगा आला की त्याला पहिली नोकरी लागेपर्यंत कोणी पैसे मागत नसे. 1982 चा गिरणी संप झाला, गिरण्या संपल्या, तरी काही गावांनी खोल्या टिकवल्या. केईएम किंवा टाटा हॉस्पिटलला येणाऱ्या गाववाल्याला तिथे आजही पथारी टाकता येते.

मला यातलं मोठेपण असं दिसतं, की काम करायला माणसाला जागा लागते आणि ती एकट्याला परवडत नाही, हे गावाने ओळखलं होतं. पोरगा आळशी आहे, त्याने फुटपाथवर राहून शिस्तीत राहायला शिकावं, असं कोणी म्हटलं नाही. गावाने मिळून खोली घेतली. आज तोच पोरगा, किंवा त्याची मुलगी, गावात राहून मुंबईचं, पुण्याचं, परदेशाचं काम करू बघते आहे, तर तिला आपण व्हिडिओ पाठवतो.

आणि ती राहिली तर गावाचा किती फायदा आहे! 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्रात तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. एक मुंबई शहर, बाकीचे दोन रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. आमचा जिल्हा 8 लाख 69 हजारांवरून साडेआठ लाखांवर आला. त्याच जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 बायका आणि सिंधुदुर्गात 1,036. कमावते पुरुष बाहेर आहेत हे त्या आकड्यातच लिहिलेलं आहे. वाडीत रात्री कुणाला छातीत दुखलं तर गाडी काढायला माणूस नाही, पटाअभावी शाळा बंद पडते, शिमग्यात पालखीला खांदे देणारे मुंबईहून येईपर्यंत वाट बघायची. पाच-सात तरुण घरं गावात थांबली तरी वाडीचं चित्र बदलतं, हे 2020-21 मध्ये आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. नंतर कंपन्यांनी बोलावलं आणि बहुतेक जण गेले. गेलेल्यातल्या काहींना थांबता आलं असतं. आमच्या वाडीतल्या एका मुलाला त्याच्या साहेबाने सांगितलं होतं की घरून कर, पण कॉलवर गायब होऊ नकोस. तो महिन्यातून पाच-सहा वेळा गायब व्हायचा. शेवटी त्याने भाड्याची खोली घेतली, पनवेलला.

गेल्या सप्टेंबरात, गणपती झाल्यावर, मी गावच्या मंडळाकडे त्यांच्या सभागृहामागची लहान खोली महिन्यातल्या दहा दिवसांपुरती मागितली. ग्रामपंचायतीपर्यंत आलेलं फायबर तिथून भिंतीपलीकडेच. दोन महिने मी तिथे बसले. 11 ते 20 तारखेतलं जे काम मला सहा दिवस पुरायचं, ते चार दिवसांत व्हायला लागलं, आणि चुका कमी झाल्या. हा माझ्या एकटीचा अनुभव आहे, त्याला मी प्रयोग म्हणणार नाही. पण मला त्याहून जास्त बोलायचंय ते पहिल्या दिवसाबद्दल. खोली घरापासून चालत सहा मिनिटांवर. जेवायला घरीच येणार होते. तरी सकाळी निघताना सासूबाईंनी डबा हातात दिला. भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, वर फडकं बांधलेलं. मी म्हटलं, अहो, दुपारी येतेच आहे. तर म्हणाल्या, असू दे. आणि मी खळ्यातून बाहेर पडते न पडते तोच काकींनी कुंपणापलीकडून विचारलं तेव्हा सासूबाईंचं उत्तर मला ऐकू आलं, “सून कामाक गेली हा.”

आठ वर्षं मी हेच काम करत होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा कामाला गेले.

म्हणून ‘घरून काम करायचं तर घरातच करा की, बाहेर खोली कशाला’ हा आक्षेप मला वरवरचा वाटतो. घरून काम करण्यातलं सुख हे की रोज लोकलला लटकायचं नाही, भाडं भरायचं नाही, संध्याकाळी आपल्या माडांना आपण पाणी लावायचं. ते सुख सहा मिनिटं चालल्याने जात नाही. उलट दुसऱ्या कोणाशी तरी दोन शब्द बोलून दिवस जातो. सीट्रिपमधली जी निम्मी माणसं ऑफिसात परत गेली, त्यांना अशी शेजारची खोली असती तर काय केलं असतं, हा प्रश्न माझ्या मनात बरेचदा येतो. केरळ सरकारने घराजवळच काम करता येईल अशी केंद्रं उभारायची योजना हाती घेतली आहे. आपल्याकडे तर त्यासाठी नव्याने पाया खणायचीही गरज नाही. पट संपून बंद झालेल्या शाळांच्या चिरेबंदी इमारती सड्यासड्यावर उभ्या आहेत. आणि वाचनालयं आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं आहे. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं, 2005 च्या आणि 2021 च्या पुरात पुस्तकं भिजली तरी लोकांनी ते पुन्हा उभं केलं. ज्या किनाऱ्याने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एकत्र बसून वाचायची जागा केली, त्याला एकत्र बसून काम करायची जागा परकी वाटायचं कारण नाही. राज्यात दहा हजारांहून जास्त मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यातल्या सगळ्यात खालच्या, ‘ड’ वर्गातल्या खेड्यातल्या वाचनालयात दुपारी किती माणसं असतात, हे तिथल्या ग्रंथपालाला विचारा. तिथे चार टेबलं आणि वीज दिली तर वाचनालयही जगेल.

पैशाचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळायचा नाही. मला वाटतं, सुरुवातीचा खर्च ग्रामपंचायतीने विकास आराखड्यात धरावा. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून अशी कामं सुचवता येतात. मासिक खर्च मात्र वापरणाऱ्यांनीच वर्गणीतून भरावा, लालबागच्या पद्धतीने. फुकट दिलेली खोली सहा महिन्यांत मंडपाच्या बांबूंनी भरते. माझी भरलीच. डिसेंबरात जत्रेचं सामान आलं ते अजून तिथेच आहे. ‘पोरं मोबाईल घेऊन बसतील’ अशी भीती वडीलधारी मंडळी घालतात. बसतील थोडी. पोस्टाची, पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करणारी मुलंही बसतील, त्यांनाही घरात दार नाही.

कंपन्यांनाही एक सांगणं आहे. स्क्रीनवरचा हिरवा ठिपका किती तास पेटलेला होता, यावरून कोकणातल्या माणसाचा उरक मोजू नका. दिवसभराचं काम संध्याकाळी हातात पडलं की नाही ते बघा. आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नका. कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. फ्रान्समध्ये तो हक्क 2017 पासून कायद्यात आहे. दुकानदार माझे क्लायंट असल्यामुळे मला तो हक्क कोणी देणार नाही. पण खोली सोडून घरी आल्यावर फोन बंद करायची हिंमत मला त्या दोन महिन्यांत आली, इतकं खरं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी लेखी अर्ज दिला आहे. बंद शाळेचा रस्त्याकडचा वर्ग, सहा टेबलं, मोठा इन्व्हर्टर, ग्रामपंचायतीच्या फायबरची जोडणी, पावसाच्या आवाजासाठी पत्र्याखाली छत आणि बायकांसाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह. खाली सतरा सह्या आहेत, त्यातल्या अकरा बायकांच्या. सभेत पहिला प्रश्न निघेल तो किल्ली कोणाकडे राहणार याचा, आणि त्यावर तासभर वाद होईल, असं सरपंचांनी मला आधीच सांगून ठेवलंय. सासरे सांगायचे, लालबागच्या खोलीला कुलूप असं कधी लागलंच नाही, कारण कोणी ना कोणी पाळी करून आलेला आत झोपलेला असायचा. इथे सकाळी सातला भरतीवाली मुलं येतील, दहाला आम्ही, आणि संध्याकाळी सातनंतर अमेरिकेच्या वेळेवर काम करणारे दोघे जण.